अर्ध्या मीटरच्या खुणा

१

दर मंगळवारी सकाळी दहाला आम्ही डोंगरउतारावर राहणाऱ्या आसिये आजीच्या अंगणात पोचायचो. आम्ही म्हणजे मी आणि विद्यापीठातल्या आमच्या विभागाची गाडी चालवणारा काझिमदादा. तो गाडीतून उतरायचा नाही. सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचा आणि टरफलं खिडकीतून माझ्या दिशेनं उडवायचा.

आजीच्या दारापासून पाच पावलांवर जमिनीतून एक नळी वर आलेली होती. मनगटाएवढी जाड, वर लोखंडी झाकण. खाली ती तीस मीटर गेलेली. डोंगर सरकतोय का आणि नेमका किती खोलीवर सरकतोय, हे अशा नळीतून कळतं. हातभर लांबीचा पोलादी प्रोब केबलला लावून तळापर्यंत सोडायचा आणि मग वर ओढत आणायचा. केबलवर दर अर्ध्या मीटरला पिवळी खूण असते. खूण आली की थांबायचं, केबलच्या वरच्या टोकाला जोडलेल्या डब्यावरचा आकडा स्थिर होऊ द्यायचा, वहीत लिहायचा आणि पुन्हा अर्धा मीटर ओढायचं. साठ खुणा, साठ आकडे. काम घाण्याच्या बैलाचंच, पण मला आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. या डोंगरात माझ्याशी धड कुणी बोलतही नव्हतं. मी कोन्याची, सपाट कोरड्या पठारावरची. इथल्या लोकांच्या लेखी मी पावसात छत्री उघडायलासुद्धा नालायक.

माझ्याआधी हे काम एर्कुत या विद्यार्थ्याकडे होतं. त्याला मी घालवला. तेव्हा मी हे अगदी मान वर करून सांगायचे. विभागातले प्राध्यापक तुंजाय सरांनी त्याचे तक्ते मला नुसते टाइप करायला दिले होते. खऱ्या आकड्यांच्या शेवटी चव्वेचाळीस, सत्त्याहत्तर असे जुळे अंक अधूनमधून येतातच. मनानं आकडे लिहिणारा माणूस मात्र जुळे टाळतो, त्याला तेच खोटे वाटतात. एर्कुतच्या शेवटच्या वीस आठवड्यांत एकसुद्धा जुळं नव्हतं. मी तक्ता सरांपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी एर्कुत त्यांच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"झालं समाधान?" एवढंच तो मला म्हणाला.

विद्यापीठानं त्याचं नाव काढलं, त्याच्या सगळ्या तक्त्यांवर 'अग्राह्य' असा शिक्का मारला, आणि ती जागा मला मिळाली. मला तिची गरजही होती. भूवैज्ञानिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदवीला सहा सत्रं मिळतात, सातवं मागून मिळत नाही. माझी चार फुकट गेली होती. पहिले मार्गदर्शक अंकाराला बदलून गेले ते माझा विषय खिशात घालूनच.

"पन्नास रीडिंगं," तुंजाय सर म्हणाले. "एकही कमी चालणार नाही. वर्षानं प्रबंध टेबलावर. नाहीतर जा परत आणि बापाच्या शेतातले बीट मोजत बस."

२

पहिल्याच मंगळवारी झाकणावर दगड होता. जुन्या जात्याची वरची तळी, चांगली जड.

"हा कुणी ठेवला, आजी?"

"मी." आसिये आजी दारात उभी होती. बुटकी, माझ्या खांद्यालाही न लागणारी, डोक्याला चौकडीचा रुमाल, त्याचं एक टोक पाठीवर सोडलेलं. "आधीचा मुलगा त्याला हात लावत नव्हता. गाडीत बसायचा, चहा प्यायचा, जायचा. शहाणा होता."

"तो खोटारडा होता."

"आणि तू कोण गं? काझी?"

गाडीतून काझिमदादा खिंकाळला. मी दगड दोन्ही हातांनी ढकलला, झाकण काढलं, प्रोब सोडला. तळाला टेकल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं, पोलाद खालच्या थंडीला सरावावं म्हणून. मग ओढायला लागले. तीस, साडेएकोणतीस, एकोणतीस. आकडा दोन सेकंद हलायचा आणि बसायचा.

चोवीस मीटरला तो बसेना.

दोनने वर जायचा, दोनने खाली यायचा. घाई नव्हती त्याला. मी केबल घट्ट धरली, तरी तेच. प्रोबचं चाक नळीच्या खाचेतून निसटलं असेल, म्हणून प्रोब थोडा हलवून पुन्हा आणला. तरी तेच. नळीच्या सांध्यातून पाणी झिरपत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. या डोंगरात पाणी कुठून झिरपत नाही! शेवटी सरासरी लिहावी म्हणून मी पेन कागदावर टेकवलं, आणि आकडा थांबला. मी तो लिहिला, पुढे बारीक चांदणी काढली आणि केबल ओढली. वरचे सगळे आकडे शहाण्या मुलांसारखे वागले.

पुढच्या मंगळवारी चोवीसला काहीही नव्हतं. साडेतेवीसला होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी तेवीसला.

३

सर खूश झाले. तुंजाय सरांना खूश झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि ते दृश्य फारसं सुखाचंही नव्हतं. त्यांनी माझ्या चांदण्या आलेखावर मांडल्या. दर आठवड्याला अर्धा मीटर, पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ.

"पाण्याचा दाब वर चढतोय," ते म्हणाले. "असं कुणी मोजलेलं नाही. यावर लेख होईल. तुझं नाव दुसरं टाकीन."

"पण सर, पाणी इतक्या शिस्तीत चढेल? पाऊस कमीजास्त होतो, मधे बर्फ पडलं…"

"शेहनाज, तुला पदवी हवी आहे की वाद?"

मला पदवी हवी होती.

मी विभागाच्या तळघरातल्या खोलीत काम करायचे. तिथे लाकडी पेट्यांमधून दगडांचे गोल नमुने रचून ठेवलेले असतात, डोंगराच्या पोटातून काढलेले, मीटर-मीटरचे. खोलीला ओल्या मातीचा वास आहे आणि छताजवळ एकच लांबट खिडकी, तिच्यातून लोकांचे फक्त बूट दिसतात. दुपारी तिथे इतकं शांत असतं की पेन कागदावर चाललेलं ऐकू येतं. मी त्या आवाजाकडे लक्ष द्यायला लागले होते. मी लिहायला घेतलं की खोली जरा जास्तच गप्प व्हायची. थांबले की कुठेतरी पाइपात पाणी वाहू लागायचं, वर कुणीतरी खुर्ची सरकवायचं. मनाचे खेळ, दुसरं काय! एकटीनं राहणाऱ्या बाईला भिंतीही बोलतात असं माझी आईच म्हणायची.

पण तिसाव्या मंगळवारी मी एक गोष्ट करून पाहिली, आणि ती करायला नको होती.

त्या दिवशी ते साडेनऊ मीटरवर होतं. मी त्याला 'ते' म्हणायला लागले होते हे माझ्याही उशिराच लक्षात आलं. आकडा झुलत होता. मी पेन टेकवलं, तो थांबला. उचललं, तो झुलू लागला. पुन्हा टेकवलं. थांबला. असं मी सात वेळा केलं. धुकं होतं, वारा नव्हता, केबल माझ्या डाव्या हातात होती, आणि सातही वेळा तो लगेच थांबला, पुढ्यात बसलेल्या माणसानं आपण काय लिहितो ते वाकून बघावं तसा. आठव्यांदा मी पेन हवेतच धरलं, कागदापासून बोटभर वर. केबलला खालून एक हलका हिसका बसला, गळाला मासा लागावा तसा. मग दुसरा.

मी घाबरले. आकडा लिहिला, उरलेली केबल हाताला लागेल तशी ओढली आणि गाडीत जाऊन बसले. झाकण लावायचंही राहिलं. आजीनं ते लावल्याचं आणि वर दगड ठेवल्याचं मी काचेतून पाहिलं. ती ते काम पाठ फिरवून, नळीकडे न बघता करत होती.

४

एर्कुत त्याच्या मामाच्या फरशांच्या दुकानात होता. मला बघून त्यानं हातातली फरशी खाली ठेवली.

"या, या. कुणाची नोकरी घालवायला आलात?"

"एर्कुत, मला एकच विचारायचं आहे. तू पहिले बारा आठवडे खरी रीडिंगं घेतलीस. त्यात काही दिसलं होतं?"

"विद्यापीठाला विचार. शिक्का मारून ठेवलाय त्यांनी."

"तक्त्यांत काही नाही. तू तक्त्यांतून काढून टाकलं असशील. वही कुठे आहे?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी किती वाळलेय ते बघत असावा. मग आत गेला आणि पावसानं फुगलेली एक वही आणून त्यानं काउंटरवर आपटली. मी तिथेच उघडली. पहिल्या आठवड्यात तीस मीटरसमोर चांदणी होती. दुसऱ्यात साडेएकोणतीस. बाराव्या आठवड्यात साडेचोवीस. त्यापुढे वही कोरी. मला ते सापडलं होतं चोवीसला, बरोबर पुढच्या खुणेवर. मधे वीस आठवडे गेलेले असताना.

"वीस आठवडे ते हललंच नाही?" मी विचारलं.

"मी थांबलो, ते थांबलं. गाडीत बसून 'सगळं स्थिर' लिहायला लागलो. माझं काय जात होतं? डोंगर आपल्या जागी, म्हातारी आपल्या जागी."

"मग सरांना सांगायचं होतंस!"

"काय सांगू? पिशाच्च वर ओढतोय मी म्हणून? तू विश्वास ठेवला असतास?" तो हसला, पण त्या हसण्यात मला चावायचंच बाकी होतं. "तू किती वर आणलंस?"

"साडेनऊ."

त्यानं फरशी उचलली आणि मला पाठ केली.

"जाताना दार ओढून घे," तो म्हणाला.

५

त्यानंतर मी नळीला हात लावला नाही.

ज्या गोष्टीसाठी एका माणसाचं आयुष्य उधळलं तीच मी करायला बसले. पण मी एर्कुतपेक्षा हुशार होते. शिवाय मला 'सगळं स्थिर' लिहून चालणार नव्हतं. सरांना त्यांची सरळ रेघ हवी होती, आणि ती मधेच तुटली असती तर पहिला प्रश्न मला आला असता. म्हणून मी वहीत रेघ चालू ठेवली. एकतिसाव्या आठवड्यात नऊ, बत्तिसाव्यात साडेआठ. आकड्यांचे शेवटचे अंक मनानं घ्यायचे नाहीत, हे मला ठाऊकच होतं. आजीच्या अंगणातून खाली समुद्राकाठचा हमरस्ता दिसतो. मी काझिमदादाची दुर्बीण मागून घेतली आणि जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरांतले शेवटचे दोन अंक उतरवले. जुळे आपोआप येत होते.

"काय गं काझीबाई," काझिमदादा बी फोडत म्हणाला, "तो मुलगा निदान हे काम चहा पीत करायचा. तू तर डोळे फोडून घेतेस."

"गप्प बस, दादा."

"मी गप्पच आहे. मी ड्रायव्हर. मला कुठे पदवी पाहिजे?"

मला शरम वाटली. पण शरमेपेक्षा सुटका मोठी होती, हे कबूल करायला हवं. कागदावर ते वर चढत होतं आणि जमिनीत साडेनऊवर पडून होतं. पदवीही मिळणार, म्हातारीही सुखरूप. मला रात्री झोप येऊ लागली.

पंचेचाळिसाव्या मंगळवारी आसिये आजी पहिल्यांदाच गाडीपाशी आली. पावसात, डोक्यावर काही न घेता. मी नुकतंच 'दोन मीटर' असं लिहून वही मिटली होती.

"काल ते मका ठेवायच्या तळघराला लागलं," ती म्हणाली. "जमिनीला खालून."

"काय लागलं?"

"ते तू सांग. शिकलेली तू."

"आजी, पंधरा आठवडे मी नळीला शिवले नाही. तुझा दगड तरी हललाय का? उंदीर असतील."

"शिवली नाहीस, तर दर मंगळवारी गाडीत बसून करतेस काय?"

"काही नाही. नुसतं लिहिते."

तिनं माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं, मग पेनाकडे. मग ती थुंकली, माझ्या पायापाशी, आणि घरात गेली. अडसर लावल्याचा आवाज गाडीपर्यंत आला. अशी कजाग म्हातारी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तिचा मला मनापासून राग आला.

दोन आठवड्यांनी सरांनी बोलावलं. कार्यालयाला शुक्रवारपर्यंत बांधलेल्या पाच प्रती हव्या होत्या.

"पण सर, अजून तीन रीडिंगं बाकी आहेत."

"रेघ एवढी सरळ आहे, पुढचे आकडे काढून छाप. मंगळवारी मी स्वतः येतो आणि खातरजमा करू. काय?"

एर्कुतला हाकलणारा हाच तो माणूस. मला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. मंगळवारी सर येणार होते. प्रोब साडेनऊला झुलणार होता आणि माझ्या छापील तक्त्यात त्या जागी शांतता होती.

तक्ता मी त्याच संध्याकाळी संगणकावर पुरा केला. तारीख आणि खोली हे दोन्ही रकाने निवडले, कोपरा धरला आणि खाली ओढला. दर ओळीला सात दिवस वाढत गेले आणि अर्धा मीटर कमी होत गेला. मग छापायला पाठवलं आणि सरांपुढे काय कारण द्यायचं याचा विचार करत बसले.

६

मंगळवारी ऊन पडलं होतं, ते इथे क्वचित पडतं. सरांनी नवे बूट घातले होते. आजीच्या दाराला कुलूप होतं. ती खाली गावात मुलीकडे गेली, असं काझिमदादानं सांगितलं.

"बरं झालं," सर म्हणाले. "म्हाताऱ्यांची कटकट नको. तू लिही, मी ओढतो. तीस वर्षांत हाताला केबल लागली नाही माझ्या."

दगड त्यांनीच लोटला. मी डबा मांडीवर घेऊन गवतावर बसले. काय सांगायचं ते ठरवलं होतं: पावसानं पाणी ओसरलं, दाब खाली गेला, असं होतं कधीकधी.

तीस. स्थिर. पंचवीस. स्थिर. सर प्रत्येक खुणेला मोठ्यानं खोली सांगत होते आणि मी आकडा लिहीत होते. दहा. स्थिर.

साडेनऊ.

आकडा दोन सेकंद हलला आणि बसला.

नऊलाही बसला. मला वाटलं, सुटले. खरंच गेलं असेल, पाणीच असेल, आणि मी आणि एर्कुत दोघंही वेडे. आठ, सात, पाच. मला रडू यायला लागलं होतं, आनंदानं. तीन. दोन. एक.

"अर्धा," सर म्हणाले.

आकडा झुलत होता. दोनने वर, दोनने खाली, सावकाश.

अठ्ठेचाळिसावं रीडिंग, अर्धा मीटर. माझ्या तक्त्यात होतं तिथेच, तक्त्यात होतं तेव्हाच.

"बघ!" सर ओरडले. "बघ, पोरी! जिथं म्हटलं तिथं! त्या चोराच्या भरवशावर बसलो असतो तर हे हातून गेलं असतं."

मला त्यांचा आवाज लांबून येत होता. मी थांबलो, ते थांबलं, असं एर्कुत म्हणाला होता. पण तो थांबला नव्हता. तो वीस आठवडे लिहीत होता. 'स्थिर' असं लिहीत होता. आणि मी सतरा आठवडे केबलला हात न लावता, उन्हापावसात, गाडीच्या उबेत बसून ते वर आणत होते. नऊ, साडेआठ, आठ. स्वच्छ अक्षरात.

"लिही ना," सर म्हणाले. "थांबलीस काय?"

"सर, हे खोडून टाकू. 'स्थिर' लिहू."

"डोकं फिरलंय का तुझं?" त्यांनी केबल सोडली नाही. दुसऱ्या हातानं माझी वही ओढली, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच आकडा लिहिला. त्यांचं पेन टेकलं तसा डब्यावरचा आकडा थांबला. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मग त्यांनी प्रोब बाहेर काढून गवतावर ठेवला आणि जुन्या सवयीनं वाकून नळीत पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही, पाठ पाहिली. ते तसेच वाकून राहिले, बराच वेळ. मग झाकण उचलून त्यांनी ते नळीवर ठेवलं, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या हळू, आणि बुटांना चिखल लागेल याची पर्वा न करता दगड गुडघ्यांवर बसून ढकलत आणला.

"चल," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर काझिमदादानं बिया फोडल्या नाहीत.

७

जवळजवळ महिन्याभरानं तोंडी परीक्षा झाली आणि पंधरा मिनिटांत आटपली. सर समितीपुढे खाली मान घालून बसले होते. बाहेरून आलेल्या एका बाईंनी तक्त्याचं शेवटचं पान उलटत विचारलं, "ही उणे खोली म्हणजे काय?"

"टंकनाची चूक," सर म्हणाले, फार पटकन.

त्या हसल्या आणि पान उलटलं. मला पदवी मिळाली. लोकांनी हात मिळवले. मी प्रबंधाची माझ्यासाठी काढलेली जादा प्रत घेऊन स्वच्छतागृहात गेले, कडी लावली आणि ते पान उघडलं.

मी कोपरा धरून खाली ओढला होता, आणि पन्नासाला थांबायचं राहून गेलं होतं. एकोणपन्नास: शून्य. पन्नास: उणे अर्धा. एक्कावन्न: उणे एक. बावन्न: उणे दीड. प्रत्येकासमोर तारीख, प्रत्येक तारीख मंगळवारची. पहिल्या तीन होऊन गेल्या होत्या. शेवटची उद्याची होती. पाच प्रती, पाचही ग्रंथालयात, शिक्क्यानिशी.

जमिनीच्या वर दीड मीटर.

मी काझिमदादाला फोन लावला. "आजी मुलीकडेच आहे ना?"

"कुठली! शनिवारीच परत गेली. म्हणाली, काम संपलं, आता घरी झोपेन."

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही तिथे होतो. तो गाडी वळवून, तोंड उताराकडे करून, इंजिन चालू ठेवून बसला. मी उतरले. जात्याची तळी नळीच्या बाजूला व्यवस्थित टेकवून ठेवलेली होती. झाकण तिच्यावर. नळीत मी पाहिलं नाही.

दार अर्धं उघडं होतं.

"आजी?"

"आलीस?" आतून आवाज आला. तिचाच. "ये, ये, बाळा. किती वाट बघायला लावलीस. चहा टाकलाय."

वर्षभरात तिनं मला एकदाही बस म्हटलं नव्हतं.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. ती चुलीपुढे पाठमोरी उभी होती. चुलीत विस्तव नव्हता. तेवढीच बुटकी, तोच चौकडीचा रुमाल. रुमालाचं पाठीवरचं टोक हलत होतं. हळूच एका बाजूला जायचं, हळूच दुसऱ्या. ती झुलत होती, आणि ते झुलणं मी ओळखत होते, तीस आठवडे ते माझ्या मांडीवर होतं.

"वही आणलीस ना?" ती म्हणाली. "ये. लिहून घे."

सवयीनं पेन माझ्या हातातच होतं. मी टोपण काढलं.

रुमालाचं टोक थांबलं. ती वळू लागली.

मी पळाले. गाडीच्या मागच्या सीटवर, प्रबंधाच्या पाठकोऱ्या पानावर, मी लिहिलं: उणे दीड. स्थिर. स्थिर. स्थिर. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत लिहीत होते.

८

सरांनी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची म्हटलं तर मीच अडवलं. मी फुकट चालू ठेवते म्हणाले. ते माझ्या डोळ्यांत न बघता हो म्हणाले. दर मंगळवारी दहाला मी एक ओळ लिहून विभागाला पाठवते: उणे दीड ऐवजी आता नुसतं 'स्थिर', आणि पुढे साठ आकडे. आजीची मुलगी भेटली बाजारात. आई अलीकडे फार गोड बोलते म्हणाली, फक्त जेवत नाही आणि बसत नाही. तिनं तिला आपल्याकडे आणायचं ठरवलंय, दिवाणखान्यातच पलंग टाकणार आहे. मी नको म्हटलं. का, ते सांगता आलं नाही.

एर्कुतला मी फोन केला.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

पलीकडची फरशा कापायची घरघर थांबली. मग त्यानं विचारलं, "किती आठवडे लिहितेयस?"

"अकरा. एर्कुत, मी आजारी पडले तर तू लिहिशील?"

"माझ्या अक्षरावर अग्राह्यचा शिक्का आहे, शेहनाज. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. तूच लिही." मग म्हणाला, "माझेही वीस झाले होते. मग एक हुशार मुलगी आली."

काल विभागातून फोन होता. नवीन विद्यार्थिनी आलीय, एर्झुरुमची, अठ्ठावीस वर्षांची, फार प्रामाणिक म्हणे. माझ्या अकरा आठवड्यांच्या ओळी तिनं टाइप केल्या आणि सरांकडे घेऊन गेली. खरा डोंगर थोडातरी हलतो, म्हणाली, हे आकडे जरा जास्तच स्थिर आहेत. येत्या मंगळवारपासून ती स्वतः जाऊन जे दिसेल ते लिहिणार आहे.